मका केवढा झाला?

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला बसायला जागा मिळाली नाही. रुसवेफुगवे काही नव्हते, जागाच नव्हती. बाहेरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मासेमारीची जाळी टांगलेली. खुर्च्यांवर जाळी, खाटेवर जाळी, शिवणयंत्राच्या पायाशी जाळ्यांचा ढीग. स्वयंपाकघरात जायचं तर वाकून, पडदे सारावेत तशी जाळी सारत जावं लागे. आणि या सगळ्याच्या मधोमध, खिडकीतून येणाऱ्या उजेडात, माझ्या सासूबाई जमिनीवर बसलेल्या. एक पाय लांब केलेला, अंगठ्यात जाळ्याची कड अडकवलेली, हातात दोरा गुंडाळलेली लाकडी सुई. मी दारात अवघडून उभी राहिले, तर वर न बघता म्हणाल्या, "ये. कुठेही बस. फक्त फाटलेल्यावर बस, दुरुस्त केलेल्यावर बसू नकोस."

मला वाटलं, बाई खडूस आहेत. पुढे कळलं की त्या तशाच बोलतात. कामाचं आधी, मायेचं नंतर, आणि बऱ्याचदा कामाच्या वाक्यातच मायाही उरकून घेतात.

आमचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. मी आले तेव्हा शेवटून दुसरं होतं. आता शेवटचं आहे. ते कसं, ते पुढे सांगते. गल्लीतले बहुतेक पुरुष मासेमार, माझा नवराही. सासूबाईंना मी 'आई' म्हणते, गल्ली 'जाळीवाल्या बाई' म्हणते. मोठी जाळी विणावीत आणि फाटली तर सांधावीत ती त्यांनीच. हे काम त्या वडिलांकडून शिकल्या. त्यांच्या हातची गाठ ओल्या दोऱ्याचीसुद्धा सरकत नाही. मी एकदा सुट्टीच्या दिवशी शिकायला बसले. माझी गाठ त्यांनी चिमटीत धरली, जरा ओढली, ती सुटली. दुसरी धरली, तीही सुटली. "असू दे," त्या म्हणाल्या, "माशांनाही कुणीतरी आपलं माणूस हवं."

आईंचा एक नियम होता आणि त्यापायी दरवर्षी आमच्या दारात वादावादी व्हायची. वर्षातून एकदा नदी फुगायला लागली की गल्लीतली सगळी जाळी दुरुस्तीला येत. फुगलेल्या पाण्यात ओंडके आणि काटेरी फांद्या वाहून येतात, तेव्हा जाळं टाकण्यात अर्थ नसे. आई एकेक जाळं नीट करत, पण कुणालाही एकट्याला परत देत नसत. सगळी झाली की सगळ्यांची एकदम. तोवर ज्याचं झालंय त्यानेही वाट बघायची.

गल्लीत सर्वांत वयस्कर टोपीकाका. भर उन्हाळ्यातही डोक्यावरची लोकरीची टोपी काढत नाहीत म्हणून ते नाव. ते दारात येऊन उभे राहत.

"बाई, माझं तर परवाच झालं. ते काय, लटकतंय."

"लटकू दे. लटकल्याने सुकतं."

"सुकलंय!"

"मग आता तुम्ही सुका."

मी एकदा विचारलं, "आई, का एवढा वाईटपणा घेता? ज्याचं झालं त्याचं देऊन टाका ना."

"एकाला दिलं की तो आधी नदीवर जाणार. मग दुसरा म्हणणार, माझं मागे का ठेवलं, बाई त्याच्या बाजूच्या. मला याच गल्लीत मरायचंय. तेव्हा सगळे मिळून माझ्यावर चिडू देत, एकमेकांवर नको."

इतकाच त्यामागचा विचार होता. माशांचा विचार कुणाच्याही मनात नव्हता, त्यांच्याही नाही.

माझी मुलगी पोटात होती त्या वर्षी नदीच्या वरच्या अंगाला धरण पूर्ण झालं. पहिली दोन वर्षं आम्ही खूष होतो, उगाच खोटं कशाला बोला. घरात पाणी शिरेना. नदी इतकी नितळ झाली की तळाचे दगड मोजावेत. मी म्हटलं, "आई, पाणी किती स्वच्छ झालंय."

त्या काठावर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या. "स्वच्छ नाही गं. रिकामं आहे."

खरंच रिकामं होतं. गाळ सगळा धरणाच्या भिंतीमागे अडकून राहिला, आणि खाली येणारं पाणी भुकेल्यासारखं काठच खाऊ लागलं. आमच्या पुढचं घर असंच गेलं. आधी मागचं अंगण, मग मोरी, मग ते लोक सामान उचलून निघून गेले. त्यानंतर आम्ही शेवटचे झालो. मुलगी लहान, दुडदुडत कुठेही जाणारी. मी मागच्या दाराला एकावर एक दोन कड्या बसवून घेतल्या.

मग कंपनीची शेती आली. नदीकाठची सपाट जमीन भाड्याने घेऊन तिथे नजर जाईल तिथपर्यंत मका, आणि मागच्या उतारावर द्राक्षांचे मळे. गल्लीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला लागलं. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर मीही कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली. कॉम्प्युटरवर हजेरी, खतांचा साठा आणि धरणाच्या ऑफिसकडे पाठवायची पाण्याची मागणी हे माझं काम. म्हणून कंपनीला शिव्या देताना माझी जीभ जरा अडखळते. पण शेतातलं खत धुऊन नदीत येतं, उन्हाळ्यात दगडांवर हिरवा बुळबुळीत थर चढतो, जाळी शेंबडासारखी होऊन वर येतात, हे मी आमच्याच अंगणात रोज बघते.

सर्वांत मोठा बदल वेगळाच होता. नदी आता हवा बघून फुगत नव्हती, मक्याला तहान लागली की फुगत होती. लख्ख ऊन पडलेलं असताना, वर आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पाणी एकाएकी चढायचं. मक्याची तहान भागली की धरणाची दारं बंद, आणि दिवसभरात पाणी उतरून गवत उघडं. दारं उघडण्याआधी भोंगा वाजतो. वारा आमच्याकडे असेल तर ऐकू येतो, नसेल तर नाही. मुलगी घराबाहेर पडली की माझा एक कान अजूनही त्या भोंग्याकडे असतो.

नदीला ठरलेला पूर राहिला नाही, तेव्हा जाळीही ठरल्या वेळी येईनाशी झाली. आज एकाचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचं. आमची बाहेरची खोली पहिल्यांदाच मोकळी झाली. मला खुर्ची मिळाली. मी त्या खुर्चीत बसून चहा प्यायचे आणि समोर आई एकच जाळं मांडीवर घेऊन बसलेल्या दिसायच्या, मोठ्या पंगतीनंतर एकट्याच मागे राहिलेल्या माणसासारख्या.

मासे कमी होत गेले, मग लहान होत गेले. लहान मासे मोठ्या भोकांतून निसटतात म्हणून लोकांनी बाजारातून बारीक भोकांची नायलॉनची जाळी आणली. माझ्या नवऱ्यानेही आणलं. आईंनी ते हातात घेऊन उजेडाकडे धरलं. "हे जाळं आहे का मच्छरदाणी?"

"आई, दिवस बदलले."

"दिवस नाही बदलले. मासा बदलला. तो एवढासा का झाला, ते विचार."

ते त्याने विचारलं नाही. पण आई स्वतःलाच विचारत राहिल्या. एक दिवस बोटभर लांबीचे मासे साफ करता करता त्यांचा हात थांबला. "सूनबाई, नदीला पूर यायचा तेव्हाच मासे गवतात अंडी घालायला यायचे ना?"

"असं म्हणतात खरं."

"आणि तेव्हाच सगळ्यांची जाळी माझ्याकडे असायची." त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि एकदम हसायला लागल्या. "म्हणजे बघ, मी भांडणं टाळत होते आणि बाळंतपणाची सुट्टी माशांना मिळत होती!"

हसणं ओसरल्यावर त्यांनी उरलेले मासे साफ केले, हात धुतले आणि सरळ टोपीकाकांच्या घरी गेल्या.

त्या वर्षी त्यांनी गल्लीला सांगून टाकलं: दुरुस्ती पूर्वीसारखी, वर्षातून एकदा. सगळ्यांनी जाळी एकदम द्यायची, एकदमच परत मिळतील. नाहीतर कुणाचंच करणार नाही. लोक कुरकुरले, पण आईंच्या गाठीला पर्याय नव्हता, आणि मासे रोडावल्याचं दुःख सगळ्यांचंच होतं. जाळी आली. खोली पुन्हा भरली, माझी खुर्ची गेली.

पण कधी, हे ठरवताना आईंनी तीच चूक केली जी त्यांच्यासारख्या जुन्या माणसाने केली असती. आमच्या उतारावर पिवळ्या फुलांचं एक झाड आहे. ते फुललं की थोड्याच दिवसांत नदी फुगायची, हे त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं. झाड फुललं, त्यांनी जाळी गोळा केली. नदी मात्र हलली नाही. झाडाचा आणि धरणाचा काय संबंध? लोक रिकाम्या हातांनी काठावर बसून राहिले. शेवटी लोकांच्या तोंडाकडे बघवेना, तेव्हा आईंनी सगळी जाळी परत केली. नवीन गाठी मारलेली, मजबूत.

त्यानंतर चार दिवसांतच पाणी सोडलं गेलं. मासे गवताकडे निघाले आणि आईंच्याच जाळ्यांत सापडले. गल्लीत आनंदीआनंद. कित्येक वर्षांत अशी मासळी मिळाली नव्हती. माझ्या नवऱ्याने हातभर लांबीचा मासा आणून आईंपुढे ठेवला. त्यांनी सुरी चालवली. आत नुसती अंडी, पिवळी, ओंजळभर.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. टोपीकाका जाता जाता म्हणाले, "बाई, जाळी मात्र छान झाली हो." त्यांनी कौतुकच केलं होतं. आईंना ते टोचलं.

पुढे कितीतरी दिवस सुई खिडकीत पडून होती. त्या घरातली सगळी कामं करत, मुलीची वेणी घालत, पण सुईला हात लावत नसत. मला भीती वाटायला लागली. हातातलं काम गेलं की माणूस कसं मिटत जातं, हे मी माझ्या वडिलांचं पाहिलं आहे. मी त्यांच्या औषधाच्या गोळ्या, झोप, जेवण यांवर लक्ष ठेवू लागले. तर एके संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चप्पल काढतेय तोच त्यांनी विचारलं, "नदी आता कुणाला विचारून फुगते?"

"कंपनीला," मी म्हटलं. "म्हणजे आमची मागणी जाते, मग ते दारं उघडतात."

"आणि मागणी कधी जाते?"

"मका गुडघ्याएवढा झाला की पहिली. कणसं धरायच्या आधी मोठी."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे झाडाकडे बघून चालायचं नाही. मक्याकडे बघायला पाहिजे."

आणि त्या खरंच बघायला लागल्या. रोज फिरायला म्हणून बांधावर जायच्या, मक्यात उभ्या राहून गुडघ्याला हात लावून यायच्या. "तुमच्या गुडघ्याएवढा की माझ्या?" असं मुलगी विचारायची, आणि दोघी हसायच्या.

पण नुसती वेळ कळून भागणार नव्हतं. पाणी चढून मासे गवतात आले, अंडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी दारं बंद झाली तर अंडी उन्हात वाळणार. पाणी काही दिवस टिकायला हवं होतं, आणि हळूहळू उतरायला हवं होतं. ते कुणाला सांगायचं?

संधी वाऱ्याने आणली. द्राक्षं पिकत आली होती. पाखरांपासून राखायला सगळ्या मळ्यावर वरून जाळी घातलेली असतात. एका दुपारी वादळ झालं आणि ती जागोजाग फाटली. नवी मागवायची तर ती येईपर्यंत द्राक्षं राहणार नाहीत. थव्याने पाखरं उतरू लागली. कंपनीचा मॅनेजर, तरुण माणूस, एरवी कपड्याची इस्त्री न मोडणारा, हातात डबा घेऊन तो वाजवत मळ्यातून धावताना आम्ही ऑफिसच्या खिडकीतून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई ऑफिसच्या दारात. खांद्याला पिशवी, पिशवीत सुई आणि दोऱ्याचे गुंडे. आता या काय बोलणार आणि माझ्या नोकरीचं काय होणार? मी कॉम्प्युटरमागे तोंड लपवलं. पण आई माझ्यासमोरून गेल्या त्या अशा, की जन्मात कधी पाहिलं नाही. मॅनेजरच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमची जाळी मी सांधून देते."

"आजी, ही मशीनवरची जाळी आहेत. होतील?"

"फाटलेलं कुठलंही सांधता येतं. माझ्याबरोबर गल्लीतल्या बायका येतील."

"या ना, आजच या! मजुरी देऊच, वर काही जास्तीचंही देऊ."

"जास्तीचं पैशात नको. पाण्यात द्या."

मॅनेजरने पेन खाली ठेवलं. आईंनी त्याला गवत, अंडी, उतरतं पाणी सगळं सांगितलं, जसं घरी सांगतात तसंच, हातवारे करून.

"अहो, पण पाणी धरणाचं आहे. माझं थोडंच?"

"मागता तुम्हीच ना? आणि पुरे म्हणता तेही तुम्हीच. त्या पुरे म्हणण्याला जरा वेळ लावा. दार धाडकन आपटू नका, हळू लोटा."

"तेवढं पाणी फुकट जाईल, आजी."

"कुठे जाईल?"

"नदीत."

"मग बरोबर ठिकाणी जाईल की!"

आमच्या हिशेबनिसांना खोकल्याची उबळ आली. मॅनेजरही हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागला, आणि तिथे मळ्यावर पाखरांचा काळा ढग घिरट्या घालत होता. माणूस वाईट नव्हता. नदीबद्दल त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगणं कुणाच्या कामात बसत नव्हतं. त्याने शेतीवाल्या सुपरवायझरला बोलावलं. तो म्हणाला, कणसांच्या वेळचं मोठं पाणी थोडं थोडं करून जास्त दिवस आलं तर मक्याला उलट बरंच. मग धरणाच्या ऑफिसला फोन झाला. एकूण पाणी तेवढंच, फक्त सोडायचं ताणून. पलीकडचा माणूस म्हणाला, बघतो. मग परत फोन करून म्हणाला, जमेल.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुम्ही मला ओळखसुद्धा दाखवली नाहीत!"

"तुझी नोकरी होती ना तिथे," त्या म्हणाल्या. "माझं डोकं फिरलंय हे त्यांना कळलं तर चालेल. ते तुझ्या घरातलं आहे, हे कशाला कळायला हवं?"

त्याच संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत गल्ली जमली. आईंनी पुन्हा जाळी मागितली. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"मागच्या वर्षी झाड बघितलं होतंत," टोपीकाका म्हणाले. "या वर्षी काय बघितलं?"

"मका."

सगळी खोली हसली. "मग पुढच्या वर्षी कोबी बघा, बाई!"

"कोबीही बघीन. आधी हे ऐका." आईंनी सुई वर धरली. हाताच्या घामाने ती काळी, गुळगुळीत झालेली. "या खेपेला गवतात माशांची पोरं दिसली नाहीत, तर ही सुई मी चुलीत घालते. मग आयुष्यभर आणा बाजारातून तुमच्या मच्छरदाण्या. मी पुन्हा कुणाला अडवणार नाही."

हसणं थांबलं. त्या बोललेलं करतात हे सगळ्यांना माहीत होतं. सुई गेली की त्या कशा होतात, हे मी नुकतंच पाहिलं होतं. टोपीकाका उठून गेले. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळाने ते खांद्यावर जाळं घेऊन आले आणि आईंच्या पायाशी टाकलं. "धरा. चुलीत घालायला गल्लीत लाकडं पुष्कळ आहेत." मग बाकीच्यांनीही आणली.

दिवसा बायका मळ्यात, डोक्यावर पसरलेली जाळी वर बघून सांधायच्या. मान अवघडून जायची. आई अडकलेलं पाखरू दिसलं की आधी ते सोडवत, मग भोक बुजवत. "जा बाबा," त्याला सांगत, "पलीकडच्या कंपनीचं खा." पुरुष द्राक्षं तोडायला लागले. आणि मका गुडघ्याच्या कधीच वर गेला होता. कणसं धरायची वेळ आली, मागणी गेली, भोंगा वाजला. या वेळी वारा आमच्याकडे होता.

पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुणीतरी हाक मारली आणि सगळी गल्ली काठावर गेली. गवत पाण्याखाली, आणि त्या उथळ पाण्यात मासे लोळत होते. पाठी बाहेर दिसत होत्या. शेपट्यांचा फटफट आवाज येत होता. काठावर उभी असलेली माणसं सगळी मासेमार आणि सगळ्यांचे हात रिकामे. मी मिठाईच्या दुकानाबाहेर उभी राहिलेली मुलं पाहिली आहेत. त्यांचे चेहरे असे असतात.

"हाताने धरता येतील," एकजण पुटपुटला.

माझा नवरा शेजारून नाहीसा झाला. परत आला तो काखेत बारीक भोकांचं नायलॉनचं जाळं घेऊन. ते त्याने दिलंच नव्हतं, खाटेखाली ठेवलं होतं. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्याने एकदा टाकलं असतं, तर कुणीही थांबलं नसतं. ज्याला जे सापडेल ते घेऊन उतरला असता. मी त्याचा हात धरायला पुढे झाले, पण आई माझ्या आधी पोहोचल्या.

त्या ओरडल्या नाहीत, शपथ घातली नाही. जाळ्याची कड हातात घेऊन निरखत म्हणाल्या, "अरे, हे फाटलंय."

"नवं आहे, आई. कुठे फाटलंय?"

आईंनी कनवटीची दोरा कापायची सुरी काढली आणि जाळं मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ चिरलं. "हे काय, इथे. एवढं मोठं दिसत नाही तुला?"

मग टोपीकाका अगदी गंभीरपणे म्हणाले, "हो रे, फाटलंय खरं. दुरुस्तीला द्यावं लागेल."

"द्यावं लागेल," दुसरा म्हणाला. आणि मग काठावर असं हसू पिकलं की मासेही घाबरून पळतील असं वाटलं. माझा नवरा आधी लाल झाला, मग त्यालाही हसू आवरेना. आईंनी जाळं गुंडाळून बगलेत मारलं. "ढिगात ठेवते. सगळ्यांची झाली की एकदम मिळेल. नियम माहीत आहे ना?"

पुढचे दिवस पाणी हळूहळू उतरत राहिलं. बोटभर, बोटभर. मी ऑफिसातून रोज धरणाकडे फोन करायचे, "ठरल्यासारखंच चाललंय ना?" शेवटी पलीकडचा माणूस वैतागून म्हणाला, "बाई, पाणी मी सोडतोय, तुम्ही श्वास सोडा."

मग एका सकाळी आई गवतात उतरायला निघाल्या. मुलगी म्हणाली, मीही येणार. मी नाही म्हटलं. भोंग्याचं काय सांगावं? आईंनी माझ्याकडे पाहिलं, जाळ्याची एक दोरी घेतली, मुलीच्या कमरेला त्यांची ती न सरकणारी गाठ मारली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"घे. तुझी काळजी तुझ्या हातात धर."

दोघी पोटरीभर पाण्यात गेल्या. मी काठावर दोरी धरून. मागे सगळी गल्ली. आईंनी मुलीची पांढरी जेवणाची ताटली पाण्यात बुडवून सावकाश उचलली आणि बघत राहिल्या. त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी दोरी इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उठला.

"आजी, कोंडा आहे हा," मुलगी म्हणाली.

"कोंड्याला डोळे असतात का गं?"

ताटली काठावर आली. सगळे वाकले. टोपीकाका इतके वाकले की कुणालाच काही दिसेना. "काका, टोपी काढा, सावली पडते!" त्यांनी काढली. त्या दिवशी गल्लीने त्यांचं टक्कल पहिल्यांदा पाहिलं आणि कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. ताटलीत केसाएवढ्या रेघा होत्या. प्रत्येकीला दोन काळे ठिपके. ताटली हलली की सगळ्या एकदम वळत.

आईंनी ते पाणी परत गवतात ओतलं, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "चला. कामं पडलीत."

जाळी आणखी कितीतरी दिवस मिळाली नाहीत आणि कुणी मागायलाही आलं नाही. शेवटी सगळ्यांची एकदम परत गेली. माझ्या नवऱ्याच्या नायलॉनच्या जाळ्यात आईंनी मधला सगळा भाग स्वतःच्या हाताने नवा विणला होता, जुन्या मापाच्या मोठ्या भोकांचा. पहिल्या दिवशी तो नदीवरून चडफडत आला.

"यातून अर्धे मासे सुटतात!"

"अर्धे राहतात ना?" आई म्हणाल्या. "मग पुरे."

एवढ्याने नदी पूर्वीसारखी झाली असं मी म्हणणार नाही. पूर्वी येणाऱ्या माशांच्या काही जाती आता दिसतच नाहीत. भिंत ओलांडून त्यांना जाता येत नाही आणि त्यावर आईंच्या सुईचा इलाज नाही. काठ अजून ढासळतो. आमच्या मागच्या दारापासून नदी पूर्वीपेक्षा जवळ आहे, आणि दोन कड्या मी अजून काढलेल्या नाहीत. तो मॅनेजर बदलून गेला तर नव्याला सगळं पहिल्यापासून समजवावं लागेल. यातली प्रत्येक गोष्ट मी अंथरुणावर पडल्या पडल्या मनात घोळवते. आई घोळवत नाहीत. घर झोपलंय आणि बाहेरच्या खोलीतून त्यांच्या घोरण्याचा आवाज येतोय, जाळ्यांच्या मधोमध घातलेल्या अंथरुणावरून.

यंदाची पेरणी झाली आहे. आज मी ऑफिसातून आले, अजून उंबऱ्यातच होते, पिशवीही खाली ठेवली नव्हती. त्या अंगठ्यात जाळं अडकवून बसलेल्या, वर न बघता म्हणाल्या, "मका केवढा झाला?"

मी घोट्याला हात लावून दाखवला.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढची गाठ मारली.